आजीचा ज आणि आजोबांचा ज

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. माझ्या मुलीने मराठीच्या वर्गात ‘माझे आजोबा’ या विषयावर दहा ओळी लिहिल्या. वही घरी आली तेव्हा तिच्यात लाल शाईची दोन वर्तुळे होती. एक ‘कीती’ या शब्दाभोवती, दुसरे ‘आणी’भोवती. दोन गुण कापलेले. चुका खऱ्या होत्या, त्याबद्दल तक्रार नाही. संध्याकाळी तिने तोच निबंध फोनवर वाईला माझ्या आईला वाचून दाखवला. आईने शेवटपर्यंत ऐकले, भरभरून कौतुक केले आणि मग मला एकट्याला म्हणाली, “अरे, पोर छान वाचते. पण आजोबा असे म्हणते की जणू कुणी हिंदी सिनेमातला माणूस मराठी बोलतोय.”

मी मुलीला पुन्हा वाचायला लावले. आईचे म्हणणे अगदी बरोबर होते. ‘आजी’तला ज आणि ‘आजोबा’तला ज ती एकच म्हणत होती, दोन्ही ‘जिराफ’मधल्या ज सारखे. ‘माझा’ आणि ‘माझी’ यांतला झही एकच. ‘आजोबांचा चष्मा’ म्हणताना दोन्ही च एकाच साच्यातून काढलेले. कुणाला ऐकू येत नाहीत अशा दोन चुकांवर लाल वर्तुळे पडली होती. आजीला ऐकताक्षणी खटकल्या त्या वीसेक चुकांची वहीत नोंदच नव्हती. नसणारच, कारण त्या वहीत दिसतच नाहीत. ‘आजोबा’ तिने अचूक लिहिले होते.

दोष वर्ग चालवणाऱ्या बाईंचा नाही. त्या सुट्टीच्या दिवशी पदरमोड करून आपल्या मुलांना शिकवतात, आणि हाती दिलेल्या नियमांप्रमाणे तपासतात. म्हणून मी ते नियमच पुन्हा वाचायला घेतले. हा लेख म्हणजे त्या वाचनाचे फलित. मी भाषाशास्त्रज्ञ नाही. डॉक्टरेट अभियांत्रिकीतली, पोटापाण्याचा धंदा संगणक-प्रणालींचा. पण एखादी नियमावली काय सांगते, काय गाळते आणि तिच्यात अपवाद कुठे घुसतात, हे तपासणे हा आमच्या धंद्याचाच भाग आहे.

प्रथम नियमावलीचे श्रेय तिला देऊ. आज आपण ज्याला शुद्धलेखन म्हणतो, त्याचे चौदा नियम मराठी साहित्य महामंडळाने तयार केले आणि १९६२ साली ते शासनमान्य झाले. १९७२ साली आणखी चार जोडले गेले आणि एकूण अठरा झाले. त्यांनी मोठे काम केले ते अनुस्वाराचे. आपल्या आजोबांच्या पिढीची पत्रे कुणी जपून ठेवली असतील तर पाहा, ‘नांव’, ‘कांहीं’, ‘नाहीं’ अशा टिंबांचा पाऊस दिसेल. ती टिंबे एकेकाळी उच्चारात असलेल्या अनुनासिकांची खूण होती. उच्चार गेला होता, खूण उरली होती. महामंडळाने धीर करून ती पुसली. जे ऐकू येत नाही ते लिहू नये, हे तत्त्व त्यामागे होते, आणि ते शहाणपणाचे होते.

हेच तत्त्व पुढे ह्रस्व-दीर्घाच्या नियमांत मात्र अर्ध्यावर सुटले. मराठी शब्दांत इ-उ लांब की आखूड हे बहुधा शब्दातल्या जागेवरून ठरते. शब्दाच्या शेवटी आले तर लांब: ‘किती’, ‘पिसू’. शेवटच्या अकारान्त अक्षराच्या आधी आले तर लांब: ‘फूल’, ‘वकील’. पुढे प्रत्यय लागला की आखूड: ‘फुलाला’, ‘वकिलाला’. हे नियम कुणी बसून बनवलेले नाहीत, ते तोंडाचे वळण आहे. ‘फूल’ एका दमात संपते म्हणून ऊ ऐसपैस बसतो. ‘फुलाला’मध्ये पुढे आणखी माणसे आली, म्हणून तो अंग चोरून घेतो. नियमावलीने हे वळण टिपले ते चांगलेच केले. पण लगेच अपवाद घातला: संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द वेगळे. म्हणून ‘वीस’ दीर्घ आणि ‘विष’ ह्रस्व. ‘वकिलात’ ह्रस्व आणि ‘शरीरात’ दीर्घ. आता ‘वीस’ आणि ‘विष’ मोठ्याने म्हणून पाहा. शेवटच्या व्यंजनात फरक असेल, स्वराच्या लांबीत तो सापडणार नाही. म्हणजे लिहिणाऱ्याने आधी शब्दाचे कूळ तपासायचे आणि मग वेलांटी द्यायची. सातारा जिल्ह्यात वाढलेल्या मुलालाही हे जड जाते. दोह्यात वाढणाऱ्या मुलाला, ज्याला कुठला शब्द संस्कृत आणि कुठला मराठी हे कळण्याचा मार्गच नाही, ते पाठांतरावाचून कसे जमावे?

दुसरे उदाहरण ‘लाकूड’चे. नियम सांगतो की ‘लाकूड’चे सामान्यरूप करताना ऊ जाऊन अ येतो: ‘लाकडाला’. पण कान काय सांगतो? आपण ‘लाक्डाला’ म्हणतो. तिथे अ येत नाही. ऊ पुरताच गळून पडतो. नियम उच्चाराचा म्हणून सांगितला जातो, वर्णन मात्र लेखणीचे करतो.

तरीही इथवर तक्रार मोठी नाही. लेखनाचे नियम म्हणजे उच्चाराचे छायाचित्र नव्हे, असे उत्तर कुणी दिले तर ते मी मान्य करीन. तक्रार आहे ती या अठरा नियमांत जे मुळीच नाही त्याबद्दल. ते माझ्या ध्यानात आले एका फार दूरच्या भाषेमुळे. थोडे आडवळण होईल, पण वाचकांनी सोबत यावे.

कामाच्या निमित्ताने मला तुर्की कुळातल्या भाषांची अक्षरे आणि उच्चार समजून घ्यावे लागले. त्यांत उइगुर होती. चीनच्या वायव्येला, शिनजियांगमध्ये, आणि शेजारच्या कझाखस्तान वगैरे देशांत मिळून एक कोटीच्या आसपास लोक ती बोलतात. या भाषेचे वैशिष्ट्य म्हणजे स्वरमेळ. शब्दात जिभेच्या मागच्या बाजूचे स्वर असतील तर प्रत्ययही मागच्या स्वराचा, पुढचे असतील तर पुढचा. ‘आत’ म्हणजे घोडा, घोडे म्हणजे ‘आतलार’. ‘ओय’ म्हणजे घर (यातला ओ ओठ गोल करून म्हटलेल्या ए सारखा), घरे म्हणजे ‘ओयलॅर’. अनेकवचनाचा प्रत्यय एकच, पण तो शब्दाचा रंग पाहून ‘लार’ होतो किंवा ‘लॅर’. आपल्या ‘ला’ प्रत्ययाच्या अर्थाचा प्रत्यय तर चार रूपांत येतो, आणि तिथे स्वराबरोबर व्यंजनही बदलते: घोड्याला ‘आतक़ा’, घराला ‘ओयगॅ’, शाळेला ‘मॅक्तॅपकॅ’, मुलीला ‘क़िज़ग़ा’. शाळेसाठीचा शब्द अरबी ‘मकतब’ आहे, तो आपल्याही कानावरून गेलेला. तो पाहुणा म्हणून त्याला वेगळा कायदा नाही. एकदा उइगुर तोंडात आला की त्याच्या स्वरांप्रमाणे प्रत्यय लागतो.

आणखी एक गंमत. ‘बाला’ म्हणजे मूल. मुले म्हणजे ‘बालालार’ व्हायला हवे, पण होते ‘बालिलार’. प्रत्यय लागला की शब्दाच्या शेवटचा आ आखडून इ होतो. ‘फूल’चे ‘फुला’ होते, ‘लाकूड’चा ऊ गळतो, त्याच जातीची ही गोष्ट. मला महत्त्वाचे वाटले ते हे की उइगुर लोक हे सगळे लिहितात. ‘लार’ला वेगळी अक्षरे, ‘लॅर’ला वेगळी, ‘बालिलार’मधली इ कागदावर दिसते.

हे सहज झालेले नाही. अकराव्या शतकात काशगरच्या महमूद नावाच्या विद्वानाने बगदादमध्ये बसून अरबांसाठी तुर्की भाषांचा कोश लिहिला. त्याची एकच हस्तलिखित प्रत, १२६६ सालची, आज इस्तंबूलमध्ये आहे. त्या काळच्या अरबी लिपीत स्वरांच्या खुणा तीन, आणि या भाषांचे स्वर आठाच्या घरात. इतके अपुरे कपडे घालून ही भाषा शतकानुशतके वावरली. विसाव्या शतकात उइगुरांनी लिप्या बदलून पाहिल्या. १९६० च्या दशकात लॅटिन अक्षरांचा एक प्रयोग झाला, तो १९८२ साली गुंडाळला गेला. पुन्हा अरबी लिपी आली ती सुधारून. आठही स्वरांना स्वतंत्र अक्षरे. अरबी वाचणाऱ्या आपल्या इथल्या स्नेह्यांना उइगुर पान दाखवा. अक्षरे ओळखीची वाटतील, पण प्रत्येक स्वर लिहिलेला पाहून ते चकित होतील.

हे सगळे वाचत असताना मला वाटत होते की मराठीत असे काही नाही. आपण शाळेत शिकलो की मराठी जशी बोलावी तशी लिहावी, आणि तीत स्वरमेळ वगैरे भानगडी नाहीत. मग आईचा तो फोन आला.

आता मोठ्याने म्हणून पाहा: बाबाचा, बाबाची. ‘चा’ म्हणताना जिभेचे टोक दातांच्या मागे लागते, त्स् सारखा आवाज निघतो. ‘ची’ म्हणताना जीभ टाळूकडे सरकते. ‘घराचं’ म्हणताना दातांशी, ‘घराचे’ म्हणताना टाळूशी. ‘घराच्या’मध्ये य आहे म्हणून पुन्हा टाळूशी. माझा, माझी. आजोबा, आजी. भाजणी आणि भाजी तर एकाच धातूच्या दोघी बहिणी, पण ज वेगळे. ‘चिंच’ या एवढ्याशा शब्दात दोन च आहेत आणि दोन्ही निरनिराळे. नियम साधा आहे: पुढे इ, ए किंवा य असेल तर टाळूचा उच्चार, पुढे अ, आ, उ, ओ असेल किंवा काहीच नसेल, तर अस्सल मराठी शब्दात बहुधा दातांचा. स्वर पुढचा की मागचा, यावर व्यंजनाचा रंग ठरतो. उइगुरमध्ये स्वर प्रत्ययातल्या क-ग ला बदलतो, आपल्याकडे च-ज-झ ला. उइगुरसारखा शब्दभर पसरणारा स्वरमेळ हा नव्हे. आपला मेळ एका अक्षरापुरता आहे. पण आहे मेळच, आणि दिवसातून शेकडो वेळा आपल्या तोंडून निघणाऱ्या ‘चा-ची-चे’मध्ये तो मुक्कामाला आहे.

उइगुरमध्ये अपवाद आहेत, तसे आपल्यातही. त्यांच्या ‘क़िज़’ (मुलगी) आणि ‘बिज़’ (आम्ही) या दोन शब्दांत स्वर एकच, इ. तरी एकाला ‘ग़ा’ लागतो, दुसऱ्याला ‘गॅ’. कारण पूर्वी दोन निराळे इ होते. ते एक झाले, पण प्रत्यय जुनी ओळख विसरला नाही. आपल्या ‘चार’चे असेच. ‘चारा’मध्ये दातांचा च आणि ‘चार’मध्ये टाळूचा. का? जुन्या कागदांत ‘च्यार’ लिहिलेले सापडते. य गेला, पण जाताना आपली सावली च वर ठेवून गेला. ‘जास्त’ पूर्वी ‘ज्यास्त’ लिहीत, तिथेही तेच. आणि संस्कृत शब्द आपला टाळूचा उच्चार घेऊनच आले: ‘जल’मध्ये टाळूचा ज, ‘जळ’मध्ये दातांचा. एकाच पाण्याची दोन नावे.

आपल्या व्याकरणकारांना हे ठाऊक नव्हते असे नाही. ‘दंततालव्य’ हा शब्द शाळेच्या व्याकरणातही भेटतो. झ्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडिताचा मराठीच्या घडणीवरचा ग्रंथ १९२० साली पॅरिसमध्ये निघाला आणि १९४१ साली त्याचे मराठी भाषांतर झाले. अशोक केळकरांनी १९५८ साली अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात मराठीच्या ध्वनिव्यवस्थेवर प्रबंध लिहिला. परक्यांना मराठी शिकवणारे कुठलेही बरे व्याकरण घ्या, या दोन उच्चारांचा भेद सांगितल्यावाचून त्याचे चालत नाही. न सांगता चालते ते फक्त आपल्या मुलांच्या पुस्तकांत. अठरा नियमांत च-ज-झ च्या दोन उच्चारांसाठी एक वाक्य नाही, एक खूण नाही.

खूण करणे अवघड आहे म्हणावे, तर तेही पटत नाही. तेलुगूत हाच भेद आहे, आणि तिथे दातांच्या च-ज साठी स्वतंत्र अक्षरे पूर्वी वापरली गेली. संगणकाच्या युनिकोड तक्त्यात आजही त्यांना जागा आहे. देवनागरीत अक्षराखाली टिंब देण्याची सोय आहेच, ‘क़िज़’ लिहिताना मी ती वर वापरली. आणि आपले शासन वर्णमालेला हात लावत नाही असेही नाही. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयात मराठी वर्णमालेत ‘ॲ’ आणि ‘ऑ’ यांना स्थान मिळाले. ‘बँक’ आणि ‘डॉक्टर’ नीट लिहिता यावेत म्हणून दोन इंग्रजी स्वरांना ओसरीवर पाट मांडला. ते योग्यच झाले. पण घरातल्या ‘चा’ ला आणि ‘माझा’तल्या झ ला अजून पाट मिळालेला नाही.

इथे दोन आक्षेप येतील. पहिला असा की अरबीतही बोलतात एक आणि लिहितात एक, त्यांचे कुठे अडते? खरे आहे. आपल्या आजूबाजूचे कतारी पुरुषाला ‘शलोनक’ विचारतात आणि स्त्रीला ‘शलोनिच’. शेजारी इ आली की क चा च होतो, म्हणजे जवळजवळ आपलाच नियम, पण लिपीत तो क च राहतो. कोंबडीला पुस्तकी अरबीत ‘दजाज’, इथे ‘दियाय’. ज्यांच्या स्मृतीत आपण १८ डिसेंबरचा राष्ट्रदिन पाहतो, त्या शेख जासिम यांचे नाव जुन्या कागदांत ‘कासिम’ असेही लिहिलेले असते. पण फरक लक्षात घ्या. कतारी मूल ‘शलोनिच’ पुस्तकातून शिकत नाही, आजीच्या मांडीवर शिकते, आणि आजी पलीकडच्याच खोलीत असते. शिवाय पुस्तकी अरबी ही आपली बोली नव्हे, हे तिथे सगळ्यांनी मान्य केलेले आहे. आपण मात्र मराठी ‘बोलतो तशी लिहितो’ असे मुलांना सांगतो आणि आजी फोनमध्ये ठेवतो.

फोनवरूनही एक तांत्रिक गोष्ट सांगतो. दातांच्या च मध्ये स् ची सळसळ असते, आणि ती मुख्यतः चार हजार हर्ट्झच्या वर असते. टाळूच्या च ची सळसळ त्याच्या खालून सुरू होते. जुन्या दूरध्वनीच्या तारेतून ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज जात असे. म्हणजे ‘आजोबा’तला ज आपल्या ‘आजोबा’पणासकट तारेच्या त्या टोकालाच राहायचा. आजच्या इंटरनेटवरच्या फोनमधून बहुधा तो जातो. यंत्र सुधारले. आता ऐकणाऱ्याने कान द्यायचा आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा. मराठीच्या बोली अनेक, सगळीकडे च-ज सारखे उच्चारत नाहीत. टिंबे घातली तर एका भागाचा उच्चार सगळ्यांवर लादल्यासारखे होईल. हे मला मान्य आहे. म्हणून वर्तमानपत्रांनी, कादंबऱ्यांनी, या आपल्या अंकानेही टिंबे द्यावीत असे माझे म्हणणे नाही. मोठ्या वाचकाला त्यांची गरज नाही, त्याच्या कानात ती आधीच आहेत. माझे म्हणणे फक्त पहिल्या दोन-तीन वर्षांच्या वाचनपाठांपुरते आणि परदेशातल्या वर्गांपुरते आहे. अरबी लिपीत मोठ्यांच्या पुस्तकांतून ह्रस्व स्वरांच्या खुणा गाळतात, पण मुलांच्या पहिल्या पुस्तकांत त्या देतात. मूल चालायला लागले की पांगुळगाडा काढून ठेवायचा, तसेच हे.

आणि तपासण्याची पद्धत बदलावी. दहा गुणांत वेलांटी-उकाराला दोन असतील तर मोठ्याने वाचण्याला चार असावेत. मुलांना ‘शुद्धलेखन’ हा शब्द जन्मल्यापासून ऐकवतो. ‘शुद्ध ऐकणे’ त्याच्या आधी यायला हवे. ‘चा-ची-चे’ ही तीन अक्षरे मुलाकडून हातावर टाळी देत म्हणून घ्यावीत आणि जीभ कुठे लागते हे त्यालाच विचारावे. मी घरी केले. मुलीला ते जादूसारखे वाटले. आपल्या तोंडात दोन च राहतात हे तिला माहीतच नव्हते. अपवादांशी मात्र तिची लढाई चालू आहे. ‘चार’ला ती अजून अधूनमधून ‘चारा’ खायला घालते.

नियमावलीवरचा माझा निवाडा एवढाच: १९६२ साली जे ऐकू येत नाही ते पुसण्याचे धैर्य तिने दाखवले, पण जे ऐकू येते ते लिहिण्याचे, निदान शिकवण्याचे काम तिने हाती घेतले नाही. ज्या गावात दारोदारी मराठी बोलली जाते तिथे ही उणीव भरून निघते. ओसरी, शाळेचे पटांगण, एस्टीचा थांबा हे सगळे शिक्षक तिथे फुकट असतात. दोह्यात, सान होजेत, सिडनीत ते नसतात. तिथे मुलाच्या हाती फक्त पान असते, आणि पानावर जे नाही ते त्या घरात पुढच्या पिढीत उरत नाही.

उइगुर मुलांच्या वाट्याला आलेली परिस्थिती आपल्याहून फार कठीण आहे. २०१७ पासून शिनजियांगच्या शाळांतून त्यांची भाषा झपाट्याने मागे सारली गेली. त्यांची लिपी ‘लार’ आणि ‘लॅर’ दोन्ही सांभाळून उभी आहे, पण ती शिकवणारी शाळा हरवते आहे. आपली शाळा कुणी बंद केलेली नाही. खोली आहे, फळा आहे, बाई आहेत, मुले आहेत. ‘चा’ आणि ‘ची’ यांतला फरक सांगायला पाच मिनिटे पुरतात.

परवा मुलीने आईला पुन्हा फोन लावला आणि तोच निबंध वाचला. ‘किती’ आता वहीत बरोबर झाले होते, ते आईला कळण्याचा प्रश्नच नव्हता. पहिल्या ओळीत ‘माझे आजोबा’ आले. पलीकडे क्षणभर शांतता. मग आई म्हणाली, “पुन्हा म्हण गं.” आणि तिने पुन्हा म्हटले.